ब्युरोत नाव नोंदवण्याआधी



या आठवड्यातलं एक पत्र निघोज्याहून आलं आहे. निघोज म्हटलं की पुष्कळजणींना कुकडी नदीतले रांजणखळगे आठवतात, पण ते पारनेर तालुक्यातलं निघोज. हे निघोजे खेड तालुक्यातलं. पुण्याहून नाशिककडे जाताना मोशी मागे पडली की चाकणच्या अलीकडे लागतं. महिंद्राचा मोटारींचा कारखाना याच गावच्या हद्दीत आहे. कारखाने आले, त्यांच्यामागून लांबलांबची माणसं आली, आणि त्या माणसांसाठी खोल्यांच्या चाळी उठल्या. पत्र लिहिणाऱ्या वहिनी अशाच दोन खोल्यांत राहतात.

त्या मूळच्या बीडकडच्या. बारावीनंतर जीएनएम केलं, दोन वर्षं एका खाजगी रुग्णालयात नोकरी केली, मग लग्न झालं. यजमान कारखान्यात पाळीवर. धाकटी मुलगी यंदा पहिलीत गेली, आणि सकाळचे पाच तास घर रिकामं राहू लागलं. शेजारणीने सांगितलं, भोसरीकडे नर्सेसचा एक ब्युरो आहे. मूळ प्रमाणपत्रं आणि दोन हजार डिपॉझिट दिलं की दुसऱ्या दिवसापासून काम. सासूबाईंचं म्हणणं, "दवाखान्यात नोकरी कर हवी तर, पण लोकांच्या घरी जाऊन म्हातारी माणसं कसली उचलायची?" वहिनी लिहितात, "ताई, प्रमाणपत्रांची फाईल दोनदा कपाटातून काढली आणि दोनदा परत ठेवली. काय करू ते सांगा."

वहिनी, नाव जरूर नोंदवा. पण उद्या नको. आणि ती फाईल ब्युरोत तर कधीच ठेवू नका.

आपल्याकडे 'नोंदणी' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. एक नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, म्हणजे आपण जिला मुंबईचं नर्सिंग कौन्सिल म्हणतो तिची. १९६६ सालच्या कायद्याखाली ती होते, आणि ती असल्याशिवाय कोणी स्वतःला नर्स म्हणवून काम करू नये असा नियम आहे. दुसरी नोंदणी ब्युरोची. तिच्यात काय असतं? कोणाच्या तरी वहीत किंवा मोबाईलमध्ये तुमचं नाव, नंबर, आणि कोणत्या वेळी मोकळ्या असता ते. पहिली नोंदणी तुमच्या शिक्षणाची आहे. गाव बदललं, ब्युरो बदलला, दहा वर्षं घरी बसलात, तरी ती तुमचीच. दुसरी उद्या त्या माणसाचा फोन बंद झाला की संपली. बायका मात्र दुसरीसाठी धावपळ करतात आणि पहिली कपाटात मुदत संपून पडलेली असते.

कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करून घ्यावी लागते. वहिनींची मुदत बहुधा केव्हाच उलटली असेल. घाबरू नका, त्याने शिक्षण बुडत नाही. उशिराची जादा फी भरून नूतनीकरण होतं. मधल्या काळात कार्यशाळा, शिबिरं यांना हजर राहून मिळवलेल्या तासांची प्रमाणपत्रं हल्ली नूतनीकरणाला मागतात. ती नसतील तर आधी त्या मागे लागा. नर्सिंग कॉलेजं आणि मोठी रुग्णालयं असे कार्यक्रम ठेवत असतात. अर्ज आता ऑनलाईन करायचा असतो. कॅफेवाल्या मुलाकडून भरून घेतलात तरी चालेल, मात्र त्यात मोबाईल नंबर आणि पासवर्ड तुमचाच हवा. पुष्कळजणींचे अर्ज कॅफेवाल्याच्या नंबरावर अडकून बसतात, आणि तो मुलगा तोवर दुकान सोडून गेलेला असतो! भारतीय परिचर्या परिषदेनेही देशभरातल्या नर्सेसची एक नोंद चालू केली आहे. तिच्यात प्रत्येकीला एनयूआयडी म्हणून एक क्रमांक मिळतो. तो असला तर तुमची नोंदणी खरी का खोटी हे कोणत्याही रुग्णालयाला चटकन तपासता येतं. चाकणच्या पट्ट्यात कर्नाटकातून शिकून आलेल्या मुलीही पुष्कळ आहेत. त्यांनी तिथल्या कौन्सिलचं ना हरकत पत्र आणून इथली नोंदणी करून घ्यायची असते.

आता बाईमाणसाचीच खास अडचण, नावाची. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी. पुरुषाच्या वाट्याला हा उपद्व्याप येत नाही. या दोन नावांची सांधेजोड करणारा कागद म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा दाखला. १९९८ च्या कायद्यानुसार लग्न नोंदवण्याची सोय खेड्यात ग्रामपंचायतीत आणि शहरात महापालिकेत आहे. तो दाखला नसेल तर आधी काढा. नाव पुरतं बदलायचं असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि मग ते कौन्सिलकडेही बदलून घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर शिक्षणाच्या कागदावर जे नाव आहे तेच नोकरीत चालू ठेवावं. लग्नाने घर बदलतं, पण परीक्षा त्याच मुलीने दिलेली असते. एक मात्र न चुकता करा: पगार जमा होण्यासाठी स्वतःच्या नावाचं खातं हवं. "सध्या मिस्टरांच्या खात्यात टाका" असं सांगू नका. यजमान कितीही चांगले असले तरी.

एवढं झालं की ब्युरोत जायचं. प्रमाणपत्रांच्या छायाप्रती न्या, मूळ कागद फक्त डोळ्यांनी दाखवा आणि पर्समध्ये परत घाला. प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा, 'फक्त अमुक ब्युरोच्या नोंदणीसाठी', खाली सही आणि तारीख. कारण काय, तर तुमच्या प्रमाणपत्राच्या प्रतीवर दुसऱ्याच कोणा मुलीला 'रजिस्टर्ड सिस्टर' म्हणून धाडणं अवघड नसतं. मूळ प्रमाणपत्र ठेवून घेणारा ब्युरो तुम्हाला काम देण्यासाठी ते ठेवत नाही, काम सोडून जाऊ नये म्हणून ठेवतो. "सगळ्या मुली ठेवतात" असं तो म्हणेल. म्हणू द्या.

डिपॉझिटचंही तसंच. ब्युरो आपली कमाई रुग्णालयाकडून किंवा पेशंटच्या घरून कमिशनच्या रूपाने करतो. नोंदणी फी म्हणून थोडे पैसे कोणी घेतले तर पावती घ्या. पण काम द्यायच्या आधीच हजारांच्या गोष्टी करणाऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली यावं हे बरं. आणि "महापालिकेत लावून देतो", "सरकारी कंत्राटी भरतीत बसवतो" असं पैसे मागून सांगणारा माणूस शुद्ध फसवतो आहे हे समजा. त्या भरतीच्या जाहिराती उघड निघतात, अर्ज थेट करायचा असतो.

मुलगी दाखवायची म्हटलं तर आपण मुलाच्या घराची किती चौकशी करतो! आत्याच्या नणंदेपर्यंत पोचतो. ब्युरोची चौकशी मात्र जिना चढताना संपते. गुमास्त्याचा कागद भिंतीवर आहे का, पावतीपुस्तक आहे का, आधीच्या दोन मुलींचे नंबर देतात का, एवढं तरी बघा. त्या मुलींना एकच विचारायचं: पगार कितव्या तारखेला मिळतो?

यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो विचारायला आपल्या बायका संकोचतात. मी नोकर कोणाची? काही ब्युरो फक्त ओळख करून देतात. पैसे पेशंटच्या घरून थेट तुम्हाला मिळतात आणि ब्युरो पहिल्या महिन्याचं किंवा दर महिन्याचं कमिशन घेतो. काही ब्युरो सगळी रक्कम स्वतः घेतात आणि त्यातून तुमचा पगार देतात. तिसरे ठेकेदार: रुग्णालयाला किंवा कारखान्याला दहा-वीस नर्सेस पुरवतात, आणि हजेरीपट त्यांचा असतो. चाकणच्या बाजूला या तिसऱ्या प्रकाराला मागणी असते, कारण पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णोपचाराची खोली ठेवावीच लागते. १९४८ च्या कारखाना कायद्यात ही अट होती आणि नव्या संहितेतही ती आहे. ही खोली चालवायला नर्स लागते आणि ती पुष्कळदा एजन्सीमार्फत येते. वहिनींसारखीला हे काम बरं. पाळ्या ठरलेल्या, माणसं तरुण, उचलाउचल कमी. पण जखम धुणं, टाके घालण्याआधीची तयारी, अपघाताची वेळ घालून नोंद करणं, हे सगळं चटपटीत हवं. सरावासाठी आधी चार-सहा महिने एखाद्या रुग्णालयात काढलेले चांगले.

एजन्सीच्या हजेरीपटावर गेलात की नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं असं म्हटलं आहे. ठेकेदाराने पगार थकवला तर ज्या रुग्णालयासाठी किंवा कारखान्यासाठी काम केलं त्याच्यावर जबाबदारी येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आलं आहे. पण तुम्ही तिथे काम केलंत याला पुरावा काय? म्हणून कागद हवा. निदान व्हॉट्सॲपवर तरी "उद्यापासून अमुक ठिकाणी, अमुक पाळी, अमुक पगार, बरोबर ना?" असं लिहून "हो" असं उत्तर मिळवून ठेवा. तेवढंही पुढे उपयोगी पडतं.

ईएसआयचं विचारून घ्या. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना ती योजना लागू होते, आणि २०१७ पासून पगाराची मर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. १७,००० पगार असेल तर तुमचे कापले जाणार १२७ रुपये ५० पैसे, आणि मालकाने भरायचे ५५२ रुपये ५० पैसे. एवढ्यात तुम्ही, यजमान आणि मुलं यांच्या औषधपाण्याची सोय होते; चिंचवडला मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे. पैसे कापतात पण भरत नाहीत असेही महाभाग असतात. म्हणून विमा क्रमांक मागून घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी स्वतः तपासा. भविष्य निर्वाह निधीचं पासबुकही असंच मोबाईलवर बघता येतं.

आता पैशांचा हिशेब. तो आपण भाजीचा मांडतो तसाच मांडायचा. समजा, पेशंटच्या घरून ब्युरोला महिन्याचे २४,००० मिळतात आणि तुमच्या हाती १७,००० पडतात. बारा तासांची ड्यूटी, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. ताशी पडले साडेचौपन्न रुपये. जायला-यायला रोजचे ८० रुपये धरले तर २,०८० गेले, उरले १४,९२०. आणि चाकणच्या चौकातली वाहनांची रांग तुम्हाला ठाऊक आहेच. जाता-येता मिळून तीन तास मोडले तर महिन्याचे आणखी ७८ तास. म्हणजे घराबाहेर एकूण ३९० तास, आणि तासाला साधारण अडतीस रुपये. शिवाय मुलांना सांभाळणारीचे पैसे वेगळे. हा हिशेब घाबरवण्यासाठी मांडला नाही. तो मांडल्यावर दिसतं की घराजवळची आठ तासांची पाळी कमी पगारातही जास्त परवडू शकते. 'महिन्याला इतके' या आकड्याला भुलू नका, 'तासाला किती' ते विचारा. चोवीस तासांच्या ड्यूटीला हा हिशेब लावून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. ती ड्यूटी लहान मुलं असलेल्या बाईने घेऊच नये.

रुग्णालयातल्या पगाराबाबत एक माहिती हाताशी असू द्या. नर्सेसच्या संघटनेच्या अर्जावर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावरून केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिने सुचवलं की खाजगी रुग्णालयात २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या नर्सइतका असावा. १०० ते २०० खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांच्या आतल्या रुग्णालयातही २०,००० च्या खाली नसावा. ही शिफारस आहे, उद्या जाऊन कोणापुढे आपटता येईल असा हुकूम नव्हे. पण बोलणी करताना आपली किंमत काय असायला हवी होती हे ठाऊक असलेली बाई वेगळ्या आवाजात बोलते.

मधल्या माणसाशिवाय काम मिळत नाही का? मिळतं की. इंग्लंडात सरकारी रुग्णालयं स्वतःच फावल्या वेळात काम करू इच्छिणाऱ्या नर्सेसची यादी ठेवतात, तिला 'बँक' म्हणतात. गरज लागली की त्या यादीतून बोलावतात. आपल्याकडे असं नाव नसलं तरी मोशी, चाकण, भोसरीच्या मध्यम रुग्णालयांत मेट्रनना, म्हणजे मुख्य सिस्टरना, थेट भेटायला काय हरकत आहे? "सकाळच्या पाळीला कोणी रजेवर असेल तर मला बोलवा" असं सांगून नंबर ठेवून या. दहा ठिकाणी गेलात तर दोन ठिकाणांहून फोन येईल. त्यात कमिशन नाही. शिवाय तुमचं काम बघून पुढे कायमचं बोलावणं येण्याचा संभव जास्त.

तात्पुरतं काम म्हणजे तात्पुरतं, हेही मनाला सांगून ठेवा. २०२० साली कोरोनाच्या काळात पिंपरीला नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर ८०० खाटांचं जंबो रुग्णालय उभं राहिलं. नर्स म्हटली की कोणीही या, असे ते दिवस होते. लाट ओसरली, मांडव निघाला, काम संपलं. ज्या मुलींनी त्या दिवसांचं अनुभवपत्र लेटरहेडवर, तारखांसकट घेऊन ठेवलं त्यांच्याजवळ दाखवायला कागद राहिला. बाकीच्यांजवळ फोटो. म्हणून कुठलीही नेमणूक संपताना, भले ती पंधरा दिवसांची असो, अनुभवपत्र मागून घ्या. निघताना मागितलं तर देतात, वर्षाने मागितलं तर फोन उचलत नाहीत.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं आणि पुढे बायकांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात पाठवलं, तेव्हा चांगल्या घरच्या बायकांनी परक्यांची शुश्रूषा करायची म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. त्याला शंभरावर वर्षं झाली. दवाखान्यापर्यंत आता मन तयार झालं आहे, दुसऱ्याच्या घराचा उंबरा तेवढा राहिला आहे. सासूबाईंना विचारा, उद्या आपल्याच मामंजींना अर्धांगवायू झाला तर कोण हवं, शिकलेली बाई की कोणीही? मात्र त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती उचलण्याची. पाठ कामातून गेली की घरही गेलं. म्हणून घरी जायची ड्यूटी घेण्याआधी ब्युरोला विचारा: पेशंट उठून बसतो का? वजन साधारण किती? दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर हात लावायला घरात दुसरं कोणी आहे का? वरखाली होणारा पलंग आहे की जमिनीवर गादी? जाड माणसाला एकटीने ओढू नका, खाली दुमडलेली चादर घालून दोघींनी सरकवा. हे सगळं तुम्ही शिकलेल्या आहात. फक्त घरातल्या माणसांपुढे भिडस्तपणाने विसरू नका.

भिडेचा दुसरा धोका इंजेक्शनचा. "सिस्टर, डॉक्टर फोनवर म्हणाले, देऊन टाका." फोनवरच्या निरोपावर देऊ नका. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी, निदान त्यांच्याच नंबरावरून आलेला चिठ्ठीचा फोटो, हवा. रोजची एक वही ठेवा: औषध, वेळ, ताप, रक्तदाब, पेशंट काय जेवला, किती वेळा लघवीला झाली. दोन दिवसांनी काही बिनसलं तर वहीच तुमच्या बाजूने बोलते.

आणि सुई. काम सुरू करण्याआधी हेपटायटिस 'बी'च्या लसीचे तीन डोस झाले आहेत का बघा. पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण बसवायचं नाही, टोचतं ते तेव्हाच. टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, आणि शक्य तर दोन तासांच्या आत मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. एचआयव्हीची लागण टाळण्याची औषधं बहात्तर तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो. "पेशंट चांगल्या घरातला आहे" हे कारण यात चालत नाही. हा खर्च कोण करणार, हेही ब्युरोला आधीच विचारून घ्या. उत्तर ऐकून ब्युरो कसा आहे ते कळेल.

एका अवघड गोष्टीबद्दल स्पष्टच लिहिते. पेशंटच्या घरी एकट्या बाईला नको तो अनुभव येतो. कधी पेशंटकडून, कधी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून. २०१३ चा कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा एजन्सीमार्फत, रोजंदारीवर, तात्पुरतं काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे, आणि त्यात राहतं घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे. ब्युरोत दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरूनही करता येते. तातडीला ११२ आणि १८१ हे नंबर. पण तक्रारीच्या आधी एक साधा हक्क आहे: त्या घरी परत न जाणं. "मी त्या घरी जाणार नाही, दुसरी ड्यूटी द्या" असं म्हटल्यावर जो ब्युरो नाव काढून टाकण्याची धमकी देतो, त्याच्या वहीतून नाव गेलेलंच बरं. पहिल्या दिवशी यजमानांना किंवा भावाला बरोबर नेऊन घर दाखवून आणा. त्या घरच्यांनाही कळतं की या बाईच्या मागे कोणी आहे.

रात्रपाळीचंही सांगून टाकते. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची, असं नव्या संहितेत आहे. जाण्यायेण्याची गाडी मिळणार का, हे हो म्हणण्याआधी विचारायचं. रात्री अकराला महामार्गावर रिक्षा शोधत उभं राहण्याइतका कुठलाच पगार मोठा नसतो.

ज्यांनी नर्सिंग केलेलं नाही अशाही पुष्कळ मैत्रिणी ब्युरोत नाव घालतात. पेशंटला भरवणं, आंघोळ घालणं, फिरवणं हे मानाचं आणि गरजेचं काम आहे. त्यासाठी मदतनिसाचे छोटे अभ्यासक्रमही निघाले आहेत, ते जरूर करा. पण ब्युरोने पांढरा कोट देऊन "घरी सिस्टर म्हणून सांग, इंजेक्शन काय, बघून बघून येतं" असं म्हटलं तर तिथेच थांबा. सलाईनमध्ये हवा गेली, इन्शुलिनचं माप चुकलं, तर माणूस जातो. पोलीस आधी तुमचं नाव विचारतील, ब्युरो म्हणेल आम्ही फक्त ओळख करून दिली होती.

राहिल्या त्या मैत्रिणी, ज्यांच्या घरी अशी सिस्टर येणार आहे. तुमच्यापैकी जास्त जणी याच बाजूच्या असतील. तुम्ही ब्युरोला नर्सचे पैसे देत असाल तर तिच्या कौन्सिलच्या नोंदणीचा क्रमांक आणि मुदत विचारा. ती मदतनीस असेल तर इंजेक्शनसाठी वेगळी नर्स बोलवा. तुम्ही देता त्यातले तिला किती मिळतात, हेही एकदा विचारून घ्या. पहिल्या दिवशी दागिने कुलपात ठेवा आणि तसं तिला मोकळेपणाने सांगा. पुढे काही सापडेनासं झालं तर तिच्यावर संशय जात नाही, हे तिच्याही सोयीचं. पेशंट झोपला म्हणून तिला भांड्यांना लावू नका. तिला पंख्याखाली एक खुर्ची, जेवायला अर्धा तास आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. बारा तासांत ती दोन वेळा चहा घेईल. तो पेशंटच्या कपात देऊ नका, वेगळा कप काढून ठेवा आणि तो धुतलेला असू द्या.